पांढरे पाइप आणि १८७२ चा खाणकायदा: लोकप्रतिनिधींना काय लिहावे?

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रीनोजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारले आहे: "घरच्यांसोबत सरकारी माळावर फिरताना ओळीने रोवलेले पांढरे प्लॅस्टिकचे पाइप दिसले. हे खाणीचे क्लेम आहेत आणि ते १८७२ च्या कायद्याखाली येतात असे कळले. दीडशे वर्षांचा कायदा अजून कसा चालतो? मी स्वतः बॅटरीच्या कारखान्यात काम करतो आणि अजून ग्रीन कार्डवर आहे. मी लोकप्रतिनिधींना लिहिले तर उपयोग होईल का? आणि लिहायचे काय?"

मी नागपूरला भूशास्त्र शिकले. गेली चोवीस वर्षे अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणींभोवतीच्या भूजलाचे काम करते. पहिली दहा-अकरा वर्षे खाण कंपन्यांसाठी केले, त्यानंतर गावांच्या आणि आदिवासी जमातींच्या पाण्यासाठी. हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच, म्हणून यावेळी सविस्तर लिहिते.

आधी ते पाइप. क्लेम म्हणजे सरकारी जमिनीतल्या खनिजावर सांगितलेला हक्क. क्लेम करणारा जमिनीवर साधारण १,५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद असा आयत आखतो. म्हणजे जेमतेम २० एकर. कोपऱ्यांवर खांब रोवायचे, एका खांबाला आपले नाव, तारीख आणि क्लेमचे नाव लिहिलेला कागद डबीत घालून अडकवायचा, आणि ९० दिवसांत काउंटीकडे (म्हणजे जिल्ह्याकडे) व ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याकडे नोंद करायची. पूर्वी लाकडी खांब असत किंवा दगडांची रास रचत. पुढे स्वस्त आणि हलका म्हणून पीव्हीसी पाइप आला, वरचे तोंड उघडे असलेला. पक्ष्यांना ते झाडाच्या ढोलीसारखे वाटते. घरट्यासाठी आत उतरतात, आतली भिंत गुळगुळीत, पंख पसरायला जागा नाही, वर येता येत नाही. मी पहिल्यांदा असा पाइप उपटून आडवा केला तेव्हा आतून मूठभर निळी पिसे, हाडे आणि भुसा बाहेर पडला. खालून वर सहा चोची मोजल्या. नेवाडाने हे थांबवण्यासाठी कायदा केला, आणि २०११ पासून असा उघडा पोकळ पाइप दिसला तर कुणीही तो उपटून जागच्या जागी आडवा ठेवू शकते. तुम्हाला दिसलेल्या पाइपांना टोपण नसेल तर तुम्हीही ते करा. टोपण असेल तर मात्र हात लावू नका.

आता कायदा. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी १० मे १८७२ रोजी त्यावर सही केली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनीच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यावरही सही केली होती. खाणकायद्यामागचे मुख्य डोके नेवाडाचेच सिनेटर विल्यम स्टुअर्ट यांचे. कायद्याचा गाभा एका ओळीचा आहे: सरकारी जमिनीतली मूल्यवान खनिजे शोधायला आणि ती जमीन विकत घ्यायला सर्वांना मोकळीक आहे. 'सर्वांना' म्हणजे अमेरिकेचे नागरिक, नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेले आणि अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्या. त्या कंपनीचा मालक दुसऱ्या देशात असला तरी चालते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, एवढेच त्यामागचे तत्त्व. तेव्हा सरकारला पश्चिमेकडे वस्ती वाढवायची होती, आणि समोर खोरे-कुदळ घेऊन खेचरावर बसून येणारा एकटा माणूस होता. त्याला वीस एकर द्या, खणू द्या, असा विचार होता. ती जमीन आधीच कुणाची तरी होती हे त्यात धरलेच नव्हते. ईशान्य नेवाडातला सोन्याचा पट्टा वेस्टर्न शोशोन लोकांच्या मुलखात येतो. त्यांच्याशी १८६३ मध्ये रूबी व्हॅलीचा करार झाला होता. कायद्यात त्यांचे नावही नाही.

आज त्याच कायद्याखाली मैलभर रुंद खड्डे खणले जातात आणि दगडाच्या टनामागे ग्रॅमभर सोने काढण्यासाठी सायनाइडचे पाणी ढिगाऱ्यांवर शिंपडले जाते. भारताने १८७२ चा पुरावा कायदा २०२४ मध्ये बाजूला ठेवला. इथला १८७२ चा खाणकायदा तांबे, सोने, चांदी, युरेनियम आणि आता लिथियम यांना तसाच लागू आहे.

कोळसा, तेल आणि वायू मात्र १९२० मध्येच यातून बाहेर काढले गेले. त्यांच्यासाठी खाणपट्टा द्यायचा की नाही हे सरकार ठरवते, आणि निघालेल्या मालावर स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, घेते. पुढे वाळू, खडी, मुरूमही बाहेर काढले, आपल्याकडच्या गौण खनिजांसारखे. परिणाम असा की नेवाडातल्या सरकारी माळावरची ट्रकभर वाळू तुम्हाला विकत घ्यावी लागते, सोने नाही. महाराष्ट्रात एक ब्रास मुरूम उचलायचा तर तहसीलमध्ये स्वामित्वधन भरून पावती घ्यावी लागते. इथे अख्खा डोंगर नेला तरी केंद्र सरकारला त्या सोन्याचा एक सेंट रॉयल्टी म्हणून मिळत नाही. राज्य आपला कर घेते, ते वेगळे. केंद्राकडे जाते ती क्लेमामागे वर्षाला २०० डॉलरची फी, आणि दहा किंवा त्याहून कमी क्लेम असणाऱ्या छोट्या माणसाला तीही माफ होऊ शकते.

रॉयल्टीचा मुद्दा लोकांना लगेच पटतो, म्हणून बहुतेक पत्रे त्यावरच लिहिली जातात. त्याबद्दल पुढे लिहितेच. पण माझ्या अनुभवात या कायद्याचा खरा काटा दुसरीकडे आहे. तो सरकारच्या हातातून 'नाही' म्हणण्याचा अधिकार काढून घेतो.

एक जागा सांगते. ईशान्य नेवाडातल्या एका दरीत पशुपालकाच्या कुरणात एक झरा होता. खाण आणि कंपनीची नावे सांगत नाही. पाच गॅलनची बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मी तिथे वर्षातून चार वेळा जात असे. झऱ्याच्या तोंडाशी पत्र्याची पन्हळ बसवली होती, तिच्याखाली बादली धरायची आणि वेळ मोजायची. पहिल्या उन्हाळ्यात बादली ४० सेकंदांत भरली. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेल्यावर खाणीने भोवती विहिरी पाडून रात्रंदिवस पाणी उपसायला सुरुवात केली, नाहीतर खड्ड्यात तळे होते. चौथ्या उन्हाळ्यात तीच बादली भरायला साडेचार मिनिटे लागली. सहाव्या वर्षी मी पन्हळीखाली बादली ठेवून वाट पाहिली आणि शेवटी रिकामी बादली गाडीत टाकली. कंपनीने त्या पशुपालकाला टाकी बसवून टँकरचे पाणी दिले. परवान्यात तेवढीच अट होती आणि ती त्यांनी पाळली.

त्या खाणीच्या विस्ताराच्या सुनावणीला मी हजर होते. गुरेवाल्या बाईंनी उठून विचारले, "हा झरा वाचवायचा म्हणून तुम्ही हा खड्डा नाकारू शकता का?" समोरचे अधिकारी प्रामाणिक गृहस्थ होते. ते म्हणाले की आम्ही अटी घालू शकतो, आराखड्यात बदल मागू शकतो, 'अनावश्यक किंवा अवाजवी हानी' होत असेल तर अडवू शकतो. पण कंपनीकडे वैध क्लेम असताना ही जागा खाणीपेक्षा झऱ्यासाठी जास्त मोलाची आहे असे ठरवून नकार देणे आमच्या हातात नाही. मी त्या दिवशी कंपनीच्या बाजूच्या खुर्चीत बसले होते. काम बदलायचा विचार तिथे सुरू झाला.

नकार द्यायचा तर सरकारकडे एकच मोठे हत्यार उरते: खाणी येण्याआधीच तो भाग क्लेमांसाठी बंद करणे. २०१२ मध्ये ग्रँड कॅन्यनभोवतीच्या सुमारे दहा लाख एकरांवर नवे युरेनियमचे क्लेम वीस वर्षांसाठी बंद केले गेले, ते असेच. पण आधीपासून असलेले वैध क्लेम त्यातही टिकतात, आणि अशा बंदीची मुदत संपली की पुन्हा तोच प्रश्न उभा राहू शकतो. प्रत्येक झऱ्यासाठी, प्रत्येक पवित्र डोंगरासाठी अशी लढाई कोण लढणार? त्यामुळे पत्रात पहिली मागणी ही असावी: धातूंच्या खाणींनाही कोळशा-तेलासारखी खाणपट्ट्याची पद्धत लागू करा. म्हणजे जागा योग्य आहे का हे आधी ठरेल आणि हक्क नंतर मिळेल. आज हक्क आधी मिळतो.

आता पैसा. जुन्या कायद्यात आणखी एक कलम होते: क्लेमावर खनिज आहे हे सिद्ध केले की ती जमीनच विकत मिळायची, एकरी अडीच किंवा पाच डॉलरला. १९९४ मध्ये अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांना नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक खाणीची सुमारे १,९५० एकर जमीन कोर्टाच्या आदेशामुळे अशीच द्यावी लागली. खाली अंदाजे १० अब्ज डॉलरचे सोने आणि किंमत दहा हजार डॉलरपेक्षा कमी. बॅबिट यांनी पत्रकारांसमोर याला दरोडा म्हटले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अशी नवी विक्री थांबवली, पण कशी? दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकात एक ओळ घालून. ती ओळ आजवर दरवर्षी नव्याने घातली जाते. एखाद्या वर्षी ती राहून गेली तर विक्रीचे दार पुन्हा उघडेल. मूळ कलम कायमचे रद्द करा, ही मागणी सोपी आहे आणि दोन्ही पक्षांचे लोक ती ऐकून घेतात.

रॉयल्टीवर कंपन्यांचे म्हणणे असते की त्याने खाणी बंद पडतील. ज्या गोल्डस्ट्राइकचा उल्लेख केला, तिथल्याच सोन्यावर फ्रँको-नेवाडा नावाची कंपनी अनेक वर्षे रॉयल्टी घेत आली आहे. तिने तो हक्क विकत घेतला होता. खाण त्याने बंद पडली नाही. खासगी जमीनमालक रॉयल्टी घेतात, अनेक राज्ये आपल्या जमिनीवर घेतात, भारत १९५७ च्या कायद्याखाली घेतो. भारतात २०१५ पासून खाणपट्टेधारकाला स्वामित्वधनाच्या वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानालाही ठरावीक हिस्सा द्यावा लागतो. तो पैसा नीट खर्च होतो का यावर गडचिरोली-चंद्रपूरकडचे लोक खूप बोलतील, त्यांचे बरोबरही आहे. पण हक्क म्हणून तो कायद्यात आहे. इथे त्याची ओळही नाही.

तिसरी गोष्ट बंद पडलेल्या खाणींची, आणि माझे आजचे बहुतेक काम हेच आहे. खडकात पायराइट असते, गंधक आणि लोखंडाचे चमकदार खनिज. जमिनीखाली ते निपचित पडून असते. खणून काढले की हवा आणि पाणी लागून त्यातून गंधकाम्ल सुटते, ते आम्ल शिसे, जस्त, कॅडमियम विरघळवून ओढ्यात आणते. एकदा सुरू झाले की शतके चालते. अशा ओढ्यातला दगड हातात घेतला तर नारिंगी रंगाचा बुळबुळीत थर बोटांना लागतो आणि नखांतून दोन-दोन दिवस जात नाही. ५ ऑगस्ट २०१५ रोजी कोलोराडोतल्या सिल्व्हर्टनजवळ गोल्ड किंग या जुन्या बंद खाणीतून सुमारे ३० लाख गॅलन असे पाणी ॲनिमस नदीत सुटले. पर्यावरण खात्याचेच पथक खाणीचे तोंड उकरत होते, हे खरे. पण ते पाणी त्यांनी आणले नव्हते, ते डोंगरात साचून राहिले होते. नारिंगी नदीचे फोटो जगभर गेले. खाली नावाहो शेतकऱ्यांना ऐन हंगामात पाटाचे पाणी बंद करावे लागले.

केंद्रीय लेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालानुसार सरकारी नोंदींत सोडून दिलेल्या धातूखाणींच्या किमान १,४०,००० जागा आहेत: बोगदे, खड्डे, ढिगारे. त्यांतल्या सुमारे २२,५०० ठिकाणी पर्यावरणाला धोका आहे किंवा असू शकतो. कोळशाच्या जुन्या खाणी साफ करण्यासाठी १९७७ पासून दर टनामागे उपकर घेतला जातो. धातूंसाठी असा उपकर नाही. मोंटानातल्या झोर्टमन-लँडस्की खाणीची कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोर झाली. फोर्ट बेलनॅप या आदिवासी वसाहतीच्या वरच्या अंगाला तिथले पाणी आजही शुद्ध करावे लागते, आणि सफाईसाठी ठेवलेली अनामत रक्कम पुरली नाही म्हणून करदात्यांचे पैसे जातात. त्याच वर्षी मोंटानाच्या मतदारांनी सायनाइडच्या ढिगाऱ्यांवर सोने काढणाऱ्या नव्या उघड्या खाणींवर मतपेटीतून बंदी घातली.

मग काँग्रेस बदल का करत नाही? प्रयत्न झाले. २००७ मध्ये प्रतिनिधीगृहाने निक रेहॉल यांचे विधेयक मंजूर केले. नव्या खाणींवर ८ टक्के आणि चालू खाणींवर ४ टक्के रॉयल्टी त्यात होती. सिनेटमध्ये ते अडकले. तेव्हा बहुमताचे नेते होते नेवाडाचेच हॅरी रीड, सर्चलाइट गावातल्या खाणकामगाराचे पुत्र, आणि त्यांचा अशा सुधारणेला विरोध होता. पक्षापेक्षा इथे राज्य जास्त बोलते, हे लक्षात ठेवा. नंतर ॲरिझोनाचे राऊल ग्रिहाल्वा आणि न्यू मेक्सिकोचे सिनेटर मार्टिन हाइनरिक यांनी विधेयके मांडली, तीही पुढे गेली नाहीत. उलट दिशेचा जोरही मोठा आहे. २०२२ मध्ये अपील कोर्टाने ॲरिझोनातल्या रोझमाँट खाणीच्या बाबतीत सांगितले की ज्या क्लेमाखाली मूल्यवान खनिज नाही, तिथे खाणीचा टाकाऊ दगड ओतण्याचा हक्क या कायद्याने मिळत नाही. हा निकाल पुसून टाकणारे विधेयक मे २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाले. म्हणजे कायद्याची डागडुजी चालू आहे, पण कंपन्यांच्या सोयीने.

अगदीच हालचाल नाही असे मात्र म्हणू नका. जुन्या खाणी साफ करायला पुढे येणाऱ्या तिऱ्हाईत संस्थांवर जुन्या प्रदूषणाची कायदेशीर जबाबदारी येऊ नये, म्हणून एक प्रायोगिक कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. त्यासाठी लोकांनी वीसेक वर्षे तगादा लावला होता. मीही कोलोराडोतल्या एका मच्छीमार मंडळासाठी पाण्याचे आकडे काढून दिले होते.

आता तुमचा बॅटरीचा प्रश्न, कारण तो तुम्हाला बोचतो आहे हे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. लिथियम लागते, तांबे लागते, त्यात वाद नाही. खाणी कुठेतरी होणारच, आणि नीट देखरेखीखाली झाल्या तर मला चालेल. लिथियमची गर्दी वाढते आहे म्हणूनच कायदा आता बदलायला हवा. नेवाडाच्या उत्तर भागात थॅकर पास इथले लिथियमही याच जुन्या कायद्याखाली आहे, केंद्राच्या रॉयल्टीशिवाय. नवा खाणपट्टा कायदा असता तर कुठली जागा द्यायची, जमातींना कधी विचारायचे, पाणी किती उपसू द्यायचे हे आधी ठरले असते, आणि कंपनीची कोर्टात जाणारी वर्षेही वाचली असती. बॅटरीच्या कारखान्यातला माणूस हे लिहितो तेव्हा ते वाचणाऱ्याला वेगळे वाटते. ते लपवू नका, पहिल्याच वाक्यात लिहा.

ग्रीन कार्डवर असलेल्यालाही लिहिण्याचा पूर्ण अधिकार आहे. तुम्ही त्या मतदारसंघात राहता, कर भरता, एवढे पुरे. कार्यालयातले लोक आधी पिनकोड पाहतात, म्हणून पूर्ण पत्ता लिहा. तिघांना लिहा: दोन सिनेटर आणि तुमच्या भागाचे प्रतिनिधी. एखाद्या संस्थेचे तयार पत्र नुसते नाव घालून पाठवू नका. ती पत्रे एका ढिगात मोजली जातात, वाचली जात नाहीत. एक पान पुरे. मजकूर साधारण असा असावा:

"मी अमुक गावात राहतो आणि बॅटरी उद्योगात काम करतो. अमुक तारखेला अमुक डोंगराजवळ मुलांसोबत फिरताना मी खाणीच्या क्लेमांचे इतके खांब मोजले. या जमिनीवर खाण व्हावी की नाही, हे ठरवण्याचा अधिकार १८७२ च्या कायद्यामुळे सरकारकडे नाही. माझी विनंती आहे की धातूंच्या खाणींसाठी खाणपट्ट्याची पद्धत, रॉयल्टी आणि त्या पैशातून जुन्या खाणींच्या सफाईचा निधी, अशा कायद्याला आपण पाठिंबा द्यावा. जमीनविक्रीचे जुने कलम कायमचे रद्द करण्याबाबत आपली भूमिका काय आहे, ते मला लेखी कळवावे."

शेवटचे वाक्य गाळू नका. नुसत्या मताला "आपले विचार कळवल्याबद्दल आभारी आहोत" असे उत्तर येते. प्रश्नाला काहीतरी लिहावे लागते. खांबांचा आकडा स्वतः मोजलेलाच द्या. क्लेम कुणाचे आहेत ते ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या नोंदींत नकाशावर पाहता येते. ते नाव पत्रात घालायची गरज नाही, पण विचारले तर सांगता आले पाहिजे.

टपालाने वॉशिंग्टनला पाठवू नका, तिथल्या तपासणीत आठवडे जातात. मजकूर ऑनलाइन भरा, आणि छापील प्रत रीनोतल्या स्थानिक कार्यालयात स्वतः नेऊन द्या. तिथे जमीन आणि पाण्याचे विषय बघणारी एक व्यक्ती असते, तिची पंधरा मिनिटे मागा. मराठी मंडळातले आणखी दोघे-तिघे सोबत आले तर बरे, पण प्रत्येकाने आपले पत्र आपल्या शब्दांत लिहिलेले असावे.

तीन-चार आठवड्यांनी छापील उत्तर येईल, बहुधा तुमच्या प्रश्नाला बगल देणारे. त्याच दिवशी फोन करा, पत्राची तारीख सांगा, जमीनविक्रीच्या कलमाबद्दलचा प्रश्न पुन्हा विचारा आणि बोलणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव वहीत लिहून ठेवा. पुढच्या खर्चाच्या विधेयकाच्या वेळी त्याच माणसाला पुन्हा फोन करायचा आहे.